टांगणी

रीगाच्या विद्यापीठात तीन पायऱ्या खाली उतरलं
की डावीकडे माझं राज्य:
चारशे बारा खुंट्या, तेवढेच पितळी बिल्ले,
आणि एक स्टूल, ज्याचा एक पाय
दर हिवाळ्यात थोडा आखूड होतो.

कोट द्या, बिल्ला घ्या.
एवढंच काम. एकतीस वर्षं.

वजनावरून कळतं मला.
परीक्षेच्या आठवड्यात कोट जड होतात,
बर्फानं नव्हे; बर्फ मी दारातच झटकायला लावते.
एकदा एकाच्या खिशातून दगडच निघाला,
समुद्रावरचा, अंगठ्यानं घासून घासून गुळगुळीत झालेला.
भूगर्भशास्त्राचा का रे, मी विचारलं.
"नाही," गुनवाल्डिस म्हणाला,
"गणिताच्या तोंडी परीक्षेचा."

पहिल्या वर्षाची मुलं बिल्ला मुठीत धरतात,
तळहातावर आकडा उमटेपर्यंत.
पुढे पुढे हरवायला लागतात.
पीएचडीवाल्यांना, किती राहिलं, असं विचारायचं नसतं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
विचारून बसले एकदा, तेव्हा कळलं.

आणि प्राध्यापक स्कुयिन्श,
सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतायत,
सोमवारी पावणेआठला येतात,
कोट देतात, आणि वर जात नाहीत.
मागच्या रांगेत, दोनशे सातच्या आसपास,
कुणाच्या तरी ओल्या लोकरीत तोंड लपवून उभे राहतात.
मी रजिस्टर चाळत असते. रजिस्टर कोरं असतं.
"दर वेळी वाटतं, द्झिद्रा,
आज या मुलांना कळणार."
काय कळणार?
"की मला काही येत नाही."
मला पण वाटतं, म्हटलं,
एक दिवस बिल्ला एकाचा आणि कोट दुसऱ्याचा निघेल.
"निघालाय कधी?"
तीनदा.
हसत हसत वर गेले. जिन्यावर मात्र
कठडा धरला होता.

त्या जानेवारीत उणे चौदा होतं.
रात्री आठला चारशे अकरा खुंट्या रिकाम्या
आणि अठ्ठ्याऐंशीवर एक हिरवा कोट.
झेल्तीतेचा. सकाळी देताना म्हणाली होती,
लूप तुटलाय, चालेल ना?
नियमात चालत नाही. मी घेते.

मागच्या दारानं गेली असणार.
कोटाशिवाय. त्या थंडीत.
जीव टांगणीला लागतो म्हणतात,
मी तो समोर टांगलेला बघत होते,
एका बाहीत खोचलेली टोपी, खिशात अर्धं सफरचंद.
परीक्षा विभागाला फोन केला.
त्यांच्याकडे गुण होते, पत्ता नव्हता.

साडेनवाला स्कुयिन्श आपला कोट न्यायला आले.
हिरवा बघितला. स्टूलवर बसले.
"माझ्यासमोरूनच उठून गेली," म्हणाले.
"मी फक्त 'पुढच्या वेळी' म्हणालो.
तेवढंच म्हणालो मी."
मग वर जाऊन पुन्हा फोन करत राहिले,
याला, त्याला, वसतिगृहाला.
अकराच्या सुमारास कुणीतरी सांगितलं, आहे,
खोलीत आहे, झोपलीय, दार उघडत नाही पण बोलली.

तोवर मी सुई काढली होती.
हिरवा दोरा नव्हता. लालनंच शिवलं.

तिसऱ्या दिवशी ती भावाचं जाकीट घालून आली,
अठ्ठ्याऐंशीचा बिल्ला टेबलावर ठेवला,
बाहीत हात घालता घालता लाल टाके दिसले.
"हा माझा नाही."
टाके माझे, म्हटलं. कोट तुझाच.
रडली नाही. सफरचंद कुठाय, विचारलं.
टाकून दिलं होतं मी ते. वाईट वाटलं.

वर पुढे काय झालं मला माहीत नाही.
परत परीक्षा दिली का, पास झाली का,
वरचं खाली येत नाही फारसं.
मंगळवारी हिरवा कोट येतो.
हलका झालाय, असं म्हणणार नाही.
पण लूप धरलाय अजून.
स्टूलाखाली घडी घालून घातलेला कागद
बदलायला हवा.